कुंकू लावलेलं पिस्तूल

आई, काल दसरा झाला. हत्यारांची पूजा करताना तुझी इतकी आठवण आली की आज लिहायलाच बसले. अण्णांचं ते बुटकं पिस्तूल आता आमच्याकडे आहे. मुठीत मावणारं, पण नळीचं तोंड असं की माझी करंगळी सहज आत जाईल. काका बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेलं. कोटाखाली कुणाला दिसू नये म्हणून घेतलं खरं, पण त्याच्या वजनानं खिसाच फाटला. तू बडबडत दुहेरी मांजरपाटाचा खिसा शिवून दिलास. "खिशात वरवंटा घेऊन हिंडतो म्हणे माणूस," म्हणालीस.

माझं लग्न झालं त्या वर्षीचा दसरा. कोयता, अडकित्ता, विळी यांच्या रांगेत तू तेही मांडलंस. भिजवलेलं कुंकू, अक्षता; तुझा हात नेहमीच सढळ. दुसऱ्या दिवशी अण्णा मला सासरी, म्हसळ्याला पोचवायला निघाले. माझ्या अंगावर दागिने, म्हणून पिस्तूल बरोबर. दिवेलागणीला घाटात एक माणूस झाडीतून धावत बैलांपुढे आला. अण्णांनी विचारलंसुद्धा नाही. पिस्तूल काढलं आणि चाप ओढला. नुसतं खट्ट झालं. मी गाडीत बसलेय, आणि तो माणूस हात जोडून म्हणतोय, "मारू नका मालक. पुढं मोरी खचलीय, गाडी न्हेऊ नका."

आम्ही तिथूनच घरी परतलो. पाहिलं तर पिस्तुलाच्या घोड्याखाली तुझ्या अक्षता कुंकवात वाळून घट्ट बसलेल्या. अण्णा तुझ्यावर काय तापले! तू भाकरी थापता थापता एवढंच म्हणालीस, "मी पूजा केली. त्यानं माणूस मारायचाय हे मला कुठे ठाऊक?" तो माणूस पुढे दर दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन यायचा, आधी तुझ्या पाया पडायचा, मग अण्णांच्या. अण्णा गेले तेव्हा खांदा द्यायला तो होता. आई, तू त्याला वाचवलंस आणि माझ्या बापालाही. माझा बाप मला तसाच्या तसा परत मिळाला, हे तुझे उपकार. तू होतीस तेव्हा हे कधी बोलले नाही.

हा कागद कुठे पाठवायचा? कुंकवाच्या करंड्याखाली राहील. आमचे हे परवा तळा गावी निघालेत, पिस्तूल बरोबर नेणार म्हणतात. तू त्या अक्षता नकळत टाकल्यास की समजून, ते विचारायचं राहूनच गेलं. काल मी मात्र समजूनच टाकल्या.