माझा फोटो डब्यावरून उतरवण्याबाबत

मी, गोपाळकृष्ण नारायण निगुडकर, वय एकोणऐंशी, व्यवसाय वैद्यकी, राहणार शिंदे की छावनी, लष्कर, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाने नव्हे तर स्वतःच्या संतापाने लिहीत आहे. संतापलेल्या माणसाची बुद्धी ठिकाणावर नसते, असे माझा मुलगा केदार उद्या कोर्टात म्हणेल. म्हणून डॉक्टर संभाजीराव जगदाळे यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी केदारला 'सुपुत्र' म्हटले होते, तेही रद्द.

१. राहते घर केदार आणि सून रुचिका यांना निम्मे निम्मे. घरावर माझा राग नाही. घराचे कागद मात्र रुचिकाने सांभाळावेत. केदारला कागद सांभाळता येत नाहीत, फक्त छापता येतात.

२. टोपी बाजारातील दुकान, खल, बत्ता, चाळण्या आणि विजयसारचे लाकडी पेले माझी पुतणी वैद्य सीमंतिनी हिला. अट एकच. बंद डबा विकायचा नाही, ही वडिलांपासूनची आमची रीत आहे. रोग्याने घरून भांडे आणायचे. गुडमारची पाने, जांभळाच्या बिया, मेथी त्याच्यासमोर निवडायची, त्याच्यासमोर कुटायची. पोटात काय जाणार हे त्याने डोळ्यांनी बघावे. मधुमेहाचा रोगी असेल तर भांडे भरण्याआधी विचारायचे, "डॉक्टरांची गोळी, सुई चालू आहे ना? ती बंद करायची नाही. याने झाला तर थोडा हातभार लागेल, रोग जाणार नाही." हे ऐकून तोंड वाकडे करून गेलेली गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. जाऊ देत.

३. आता केदारचे. गेल्या वर्षी डोळ्याच्या ऑपरेशनमुळे मी घरी होतो, दुकान त्याच्या हाती होते. तेवढ्यात त्याने कुठूनतरी तयार चूर्ण आणले, डब्यांत भरले, नाव ठेवले 'मधुमुक्ती'. वर ठळक अक्षरांत 'सुई से छुटकारा'. आणि खाली माझा फोटो! हा फोटो सीमंतिनीच्या लग्नातला. वऱ्हाड यायला उशीर झाला होता आणि मी पगडी घालून उपाशी, चिडून बसलो होतो. त्या भुकेल्या चेहऱ्याखाली या गृहस्थाने 'तेजस्वी वैद्यराज' असे छापले.

मी जाब विचारला तेव्हा म्हणाला, "बाबा, पॅकिंगशिवाय आजकल घेतंय कोण? लोगों को रिझल्ट पाहिजे, तोही फटाफट. आणि नुस्खा तुमचाच आहे, असंच सांगतो ना मी."

माझा नुस्खा! त्या चूर्णात काय आहे हे मला आजही ठाऊक नाही आणि त्यालाही नाही.

समोरच्या इमारतीतल्या मंदाताई काळे माझ्या जुन्या रोगी. औषधाला नेहमी स्वतःचा स्टीलचा डबा आणायच्या आणि निवडताना एक किडकी बी सुटू द्यायच्या नाहीत. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बंद डबा घेतला आणि इन्सुलिन सोडले. पायाची जखम चिघळली. शेवटी गुडघ्याखाली पाय काढावा लागला. मी इस्पितळात गेलो तर त्याच मला म्हणाल्या, "गोपाळराव, तुमचा फोटो होता हो. म्हणून आत काय आहे ते बघितलंच नाही." घरी येऊन मी हे केदारला सांगितले.

तो लगेच म्हणाला, "पथ्य नसेल पाळलं त्यांनी." मंदाताईंनी! ज्या बाईने मुलीच्या दिवाळसणाला श्रीखंडाचे बोटसुद्धा चाटले नाही! माझी साखर त्या दिवशी केदारच्या या वाक्याने वाढली.

४. होय, माझी साखर. मला अनेक वर्षे मधुमेह आहे आणि मी डॉक्टर जगदाळे यांच्या सल्ल्याने रोज इन्सुलिन घेतो. केदारने माझे इन्सुलिन दुकानातल्या फ्रिजमधून घरी हलवले. म्हणे, "वैद्यजीच सुई लेते हैं, हे बाजारात कळलं तर धंदा बसेल." बसू दे. मी गेल्यावर दुकानाच्या शटरवर मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत, पुढील मजकूर लावावा: 'वैद्य निगुडकर वारले. त्यांना मधुमेह होता. ते शेवटपर्यंत इन्सुलिन घेत होते. ज्यांनी त्यांचा फोटो पाहून सुई थांबवली असेल, त्यांनी आजच डॉक्टरांकडे जावे.'

माझे नाव, फोटो किंवा पगडी कोणत्याही डब्यावर छापण्याचा हक्क मी कोणालाही देत नाही. मेल्यावर हार घालूनसुद्धा नाही. कोणी छापल्यास सीमंतिनीने दावा लावावा. माझी बँकेतली शिल्लक त्याच कामासाठी तिच्या नावे करत आहे.

५. माझा चष्मा केदारला. डब्यावर काय छापले आहे, ते त्याने एकदा नीट वाचावे.

६. घराची तळमजल्यावरील खोली, न्हाणीघरासह, हयातभर राहण्यासाठी मंदाताई काळे यांना, असे कलम मी लिहिले होते. ते माझ्या हाताने खोडले आहे, त्याचे कारण असे. मंदाताईंनी साक्षीदार व्हायचे ठरवले. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नका, पुढे मुलगा बोट दाखवेल. मी म्हटले, साक्षीला दुसरे कोणी शोधू. त्यावर मंदाताई म्हणाल्या, "खोली राहू द्या. केदार म्हणेल, म्हाताऱ्याला भ्रम झाला होता, चूर्णाने कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा कोर्टात जाऊन दाखवायला माझ्याकडे पाय आहे. दुसऱ्याकडे काय आहे?" मी पुष्कळ विनवले. ऐकले नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे, रागासकट.

(सही) गोपाळकृष्ण नारायण निगुडकर

आमच्यादेखत सही केली:
(सही) डॉ. संभाजीराव जगदाळे
(सही) मंदाताई काळे

दिनांक ११ फेब्रुवारी २०२५.
ठिकाण: मंदाताईंचे घर, दुसरा मजला, शिंदे की छावनी, ग्वाल्हेर. त्यांना जिना उतरता येत नाही, म्हणून आम्हीच वर आलो.