टाकी रिकामी आहे का

३ फेब्रुवारी, सकाळ
…तेव्हाही अशीच सकाळ, तव्यावर पोळी, गॅसवर दूध, बाहेर कपडे भिजत घातलेले, आणि हे गच्चीवरून खाली येऊन म्हणाले, वेणू, आता टाकीच्या मोटरकडे तू बघू नकोस, मी बनवलेलं सर्किट बघेल. हे गेल्यापासूनही सर्किटच बघतंय. आमच्या मुलीचं, पूर्वीचं, फोनवर म्हणणं, आई, एकदा जरी बिघडलं तरी मी रेडिमेड सर्किट बसवणार. मी सांगितलं, बिघडणार नाही, बाबांच्या पुस्तकातून मी सी, म्हणजे प्रोग्रामची भाषा, शिकले आहे. तिने फोन ठेवला. बहुधा प्रभावित.

५ फेब्रुवारी
सर्किटमधला ह्यांचा प्रोग्राम वाचला. शिस्त कच्ची. 'रिकामी == 1' (1 म्हणजे हो) लिहायचं सोडून सगळीकडे '1 == रिकामी'. पुस्तकात स्पष्ट आहे, अट माणूस विचारतो त्या क्रमाने लिहावी. घाईत लिहिलं असणार. सगळं सुलटं करायचं ठरवलं. जेवताना हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. असो. मला शांतता आवडते.

७ फेब्रुवारी, सकाळ
सुधारलं. प्रोग्राम तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरने वॉर्निंग दिली. वॉर्निंग म्हणजे एरर नव्हे. सर्किटच्या बोर्डवर चढवलं. मोटर लगेच सुरू. ह्यांच्या वेळी इतकी चटकन होत नसे.

७ फेब्रुवारी, दुपार
शेजारच्या शरीफाभाभी दारात. टाकी वाहून पाणी त्यांच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर. म्हणाल्या, वेणूताई, जुम्म्याची आंघोळ आमची झाली होती, मिरच्यांची तुम्ही घातलीत. मी म्हटलं, टाकी धुतेय. त्यांनी आत येऊन मोटरचा स्विच बंद केला. चहाला थांबा म्हटलं. थांबल्या नाहीत.

८ फेब्रुवारी
चूक सापडली. सुलटं करताना एका ठिकाणी मी '==' ऐवजी एकच '=' टाकलं. दोन म्हणजे विचारणं, एक म्हणजे ठरवून टाकणं. टाकी रिकामी आहे का, असं मी विचारलंच नाही. रिकामी आहे, असं सांगून टाकलं. वरून पाणी वाहतंय तरी सर्किट म्हणतंय रिकामी. आकडा आधी असता तर, आकड्यात काही भरता येत नाही म्हणून, कंपायलरने हा प्रोग्राम घेतलाच नसता. म्हणजे ह्यांची ती घाई नव्हती. इतकी वर्षं मी कधी विचारलं नाही, असं उलटं का लिहिता.

संध्याकाळी पूर्वीचा फोन. शरीफाभाभींनी कळवलं होतं. म्हणाली, उद्या रेडिमेड बसवायला माणूस येईल, आई, वाद नको. मी वाद घातला नाही.

९ फेब्रुवारी
सकाळी सगळे आकडे पुन्हा आधी घेतले आणि प्रोग्राम चढवला. टाकी भरली, मोटर आपोआप थांबली. मग माणूस आला. त्याला बोर्ड काढू दिला.