फोन लागत नव्हता, याचा दाखला

प्रति,
मा. तक्रार अपील अधिकारी,
सागरवाणी मोबाइल सेवा,
विभागीय कार्यालय, पालघर.

अर्जदार : वैभवी रामकिसन टेकाळे, रा. बोईसर, ता. जि. पालघर.

विषय : परदेशात असताना अर्जदाराच्या मोबाइल क्रमांकावर सेवा नव्हती, असा लेखी दाखला मिळणेबाबत.

संदर्भ : १) बोईसर ग्राहक केंद्रात दिलेली लेखी तक्रार.
२) सदर तक्रार 'समाधानकारकरीत्या निकाली काढली' असा आपल्याकडून आलेला संदेश.

महोदय,

अर्जदार ही तारापूर औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरीस आहे. तिचे वडील कै. रामकिसन टेकाळे हे परभणी जिल्ह्यातल्या सेलूहून तरुणपणी इकडे आले, बोईसरच्या कापड गिरणीत मागावर राबले आणि तिथूनच निवृत्त झाले. आई पूर्वीच वारली. वडील धाकट्या मुलाकडे, म्हणजे अर्जदाराचा भाऊ प्रणव याच्याकडे राहत असत. प्रणवही वसाहतीत पाळीवर जातो. घरातले लहानमोठे निर्णय मात्र अर्जदारानेच घ्यायचे, असे आई गेल्यापासून ठरून गेले होते. डॉक्टर कोणता, गावाकडच्या लग्नाला कोण जाणार, पंखा दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा, सगळ्याला प्रणवचे एकच उत्तर असे, "ताईला विचारतो."

या सप्टेंबरात कंपनीने अर्जदाराला व्हिएतनाममध्ये हनोईजवळच्या एका कारखान्यात प्रशिक्षणासाठी पाठवले. घरातून देशाबाहेर जाणारी ती पहिलीच. तिकडे इंटरनेट चालू राहावे म्हणून परदेशाचा पॅक मारून घ्यावा लागतो, हे ऐकताच वडील चपला घालून उठले. "ते मी करतो. तुझ्या कंपनीनं सगळं केलं, एवढं तरी मला करू दे," असे म्हणून ते नवापूर रस्त्यावरच्या नामदेव यांच्या मोबाइलच्या दुकानात गेले. परत आले ते खुशीत. म्हणाले, "झालं काम. उतरल्यावर जरा वेळ लागतो म्हणतो तो, घाबरू नको." अर्जदाराने पुढे काही तपासले नाही.

हनोईला उतरल्यावर अर्जदाराच्या फोनवर सेवा आली नाही. तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला, सिम काढून पुन्हा घातले, आणि जरा वेळ लागतो हे आठवून थांबली. राहण्याच्या जागी वायफाय होते. ते चालू करायला मोबाइलवर येणारा ओटीपी लागत होता आणि ओटीपी यायला मोबाइल चालू असावा लागत होता. तेथील कारकुनाला अर्जदाराचे इंग्रजी समजले नाही, अर्जदाराला त्याचे. दिवसा कारखान्याच्या फाटकावर फोन जमा करावा लागे. बंद फोन जमा करून बंद फोन परत घ्यायचा, असे चालले होते. आज नाही तर उद्या चालू होईल, असे तिला वाटत राहिले.

त्याच दरम्यान इकडे वडिलांच्या छातीत कळ आली. प्रणवने त्यांना बोईसरमधल्या दवाखान्यात दाखल केले. तेथील डॉक्टरांनी त्याला विचारले, "इथेच ठेवू, की मुंबईला हलवता? वाटेतही धोका आहे, इथेही आहे. लवकर सांगा." प्रणव म्हणाला, "ताईला विचारून सांगतो."

त्याने अर्जदाराला फोन लावला. साधा लागला नाही, म्हणून व्हॉट्सॲपवरून लावला. अशा कॉलची रिंग पलीकडे वाजते आहे की नाही, हे नीट न पाहणाऱ्याला कळत नाही. कोणी उचलत नाही, एवढेच कळते. तो लावत राहिला. डॉक्टर पुन्हा आले, तेव्हाही त्याने तेच सांगितले. अर्जदाराच्या कंपनीला त्या दिवशी साप्ताहिक सुट्टी होती, फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे परदेशातला नंबर नव्हता. प्रणव दवाखान्याच्या पायरीवर फोन हातात धरून बसला असताना आत वडील वारले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, फाटकाबाहेरच्या खानावळीत, प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी अर्जदाराचा फोन पाहिला, स्वतःचा हॉटस्पॉट चालू केला आणि फोन तिच्या हातात दिला. संदेश एकदम येऊ लागले. सर्वांत वरचा संदेश शेजारच्या नर्मदाकाकूंचा होता. "आता थांबत नाही ग. पोरं घेऊन निघाली." कोणाला घेऊन, हे अर्जदाराला खालचे संदेश वाचेपर्यंत कळले नाही. तिने ते वाचले, फोन ठेवला आणि पानातला उरलेला भात संपवला. तो तिने का संपवला, हे तिला सांगता येणार नाही.

अर्जदार परत आली तेव्हा दिवस चालू होते. प्रणवने तिला दारातच विचारले, "लोकं तिकडनं रोज व्हिडिओ कॉल करतात. तुझाच फोन कसा लागत नाही?" फोनवर सेवाच नव्हती, असे तिने सांगितले. तो म्हणाला, "बाबांनी स्वतः जाऊन पॅक मारला होता. खोटं कशाला बोलतेस? बंद होता म्हणतेस ना, मग मोबाइल कंपनीकडून लिहून आण." त्यानंतर तो तिच्याशी बोललेला नाही. आता तो नोकरी सोडून बायकोमुलांसह सेलूला कायमचा राहायला निघाला आहे. त्याचे सामान बांधून होत आले आहे. तिकडे गेल्यावर हे बोलणे होणार नाही, हे अर्जदार जाणून आहे.

म्हणून अर्जदार आपल्या बोईसर ग्राहक केंद्रात गेली. तेथे जे झाले ते असे :

१) प्रथम भेटीत सांगण्यात आले की, अर्जदाराच्या क्रमांकावर परदेशाचा पॅक घेतलेलाच नाही. "जी सेवा घेतलीच नाही, ती बंद होती असा दाखला कसा देणार, मॅडम?" असे खिडकीवरील मुलीने नम्रपणे विचारले.

२) तेथून अर्जदार नामदेव यांच्या दुकानात गेली. त्यांना वडील नीट आठवत होते. ते म्हणाले, "मी काकांना इचारलं, नंबर सांगा. त्यांनी सांगितला, मी टाकला. दोनदा इचारलं, हाच ना? बोलले, हाच हाय." तो क्रमांक वडिलांचा स्वतःचा होता. नामदेव यांनी ओशाळून पुढे सांगितले, "मुलीचा नंबर पाठ हाय का, असं मी नंतर गमतीत इचारलं ना, तर काका बोलले, तिचा कशाला पाठ लागतो, एक दाबला की लागतो. तवा पन माझ्या ध्यानात नाय आलं." म्हणजे परदेशात चालणारा पॅक बोईसरमध्ये वडिलांच्या बटणांच्या फोनवर होता.

३) अर्जदार पुन्हा केंद्रात गेली. आता सांगण्यात आले की, पॅक व्यवस्थित चालू झाला, मुदत संपल्यावर व्यवस्थित संपला, ग्राहक परदेशी गेले नाहीत यात कंपनीचा दोष नाही. ग्राहक त्या दिवसांत कुठे होते, हे अर्जदाराने सांगितले नाही.

४) या पॅकबद्दलचा दाखला हवा असेल, तर तो त्याच क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीने मिळेल, किंवा ग्राहकाने समक्ष यावे, असे कळवले गेले. ग्राहक मयत असल्याचे सांगितल्यावर मृत्यूचा दाखला आणायला सांगितले. तो दिल्यास क्रमांक बंद होईल आणि बंद क्रमांकाची माहिती मिळणार नाही, हेही त्यांनीच सांगितले. यानंतर तक्रार निकाली निघाल्याचा संदेश आला.

वडिलांचा फोन प्रणवकडे आहे. त्यांना नेले त्या दिवशी त्याने तो बंद करून कपाटात ठेवला, असे नर्मदाकाकूंकडून समजते. ओटीपीसाठी तो चालू करण्यास अर्जदार त्याला सांगू शकत नाही. चालू केला की आपल्या कंपनीचे पॅकबद्दलचे संदेश त्यात दिसतील आणि चूक कोणाच्या हातून झाली हे त्याला कळेल. वडिलांच्या शेवटच्या दिवसाचा सगळा राग सध्या तो बहिणीवर काढू शकतो. तो राग त्याने वडिलांकडे न्यावा, अशी अर्जदाराची इच्छा नाही. त्यात त्याचे स्वतःचे दवाखान्याच्या पायरीवरचे थांबणेही आहे. त्याबद्दल त्याने अद्याप कोणाजवळ एक शब्दही काढलेला नाही.

म्हणून विनंती अशी की, वडिलांच्या क्रमांकाचा व त्यावर घेतलेल्या पॅकचा कोणताही उल्लेख दाखल्यात करू नये. आपला दाखल्याचा नमुना ठरलेला असतो व त्यात तक्रारीत नोंदलेल्या सर्व क्रमांकांच्या पॅकचा तपशील आपोआप छापला जातो, असे केंद्रात सांगण्यात आले. त्यातून या एका दाखल्यापुरती सूट मिळावी. फक्त अर्जदाराचा क्रमांक लिहून, 'सदर ग्राहकाने परदेशाचा पॅक घेतलेला नव्हता, त्यामुळे प्रवासकाळात या क्रमांकावर एकही कॉल वा संदेश पोहोचू शकला नाही' एवढेच लिहावे, खाली सही असावी आणि शिक्का असावा.

हे वाचून प्रणव अर्जदाराला निष्काळजी म्हणेल. म्हणू दे. पण फोन वाजत असताना तिने उचलला नाही, असे तो म्हणणार नाही. वडिलांनी पॅक मारला होता, असे त्याने पुन्हा काढलेच, तर मीच दुकानात जाऊन तो रद्द करून घेतला होता, असे अर्जदार त्याला सांगेल. नामदेव यांच्याशी तिचे तसे बोलणे झाले आहे.

खोटे लिहून द्यायला अर्जदार आपणास सांगत आहे, असे कृपया समजू नये. पॅक तिने घेतला नव्हता. तो तिच्या वडिलांनी घेतला होता.

प्रणव निघण्याआधी उत्तर मिळावे, या अपेक्षेत,

वैभवी रामकिसन टेकाळे
(सही)

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५
ठिकाण : बोईसर

सोबत : पारपत्रावरील प्रवासाच्या शिक्क्यांची प्रत. मृत्यूचा दाखला जोडलेला नाही.