मानपत्रातलं एक वाक्य

दि. ११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय घड्याळदादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुम्ही लेकीकडे राहायला गेल्यापासून चौकातल्या घड्याळाला कोणी हात लावलेला नाही. ते आपल्या मर्जीने चालतं. वहिनींचा गुडघा कसा आहे?

रविवारी नर्सबाईंचा नव्वदीचा सत्कार आहे आणि मानपत्र तुमच्या हस्ते द्यायचं आहे, हे औषधवाल्यांनी फोनवर सांगितलंच असेल. ते समितीचे अध्यक्ष झाल्यापासून जमिनीवर नाहीत. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या म्हणून मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मजकूर अध्यक्षांचा. एकेका ओळीत चार-चार विशेषणं, बाईंना श्वास घ्यायला जागा नाही. तेही मुकाट्याने उतरवलं असतं. पण मधेच एक वाक्य आहे : ‘त्यांच्या मुखातून कधी असत्य उमटले नाही.’ तिथे हात अडला. तीन दिवस झाले, कागद तसाच पडून आहे.

बाई एकदा खोटं बोलल्या आहेत. मला माहीत आहे, कारण त्या माझ्यासाठी बोलल्या.

दंगलीतली ती दुपार तुम्ही दरवेळी रंगवून सांगता. जमाव तुमच्या दुकानावर आला, बाई एकट्या आडव्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या स्टोव्हसाठी रॉकेल घेऊन निघालेला मी मदतीला धावलो. लेकीच्या लग्नात तुम्ही मला मिठी मारून चारचौघांत हेच सांगितलंत. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

दादा, रॉकेल बाईंसाठी नव्हतं. मी त्या जमावात होतो, आणि सगळ्यांच्या पुढे होतो. बाईंनी माझ्या हातातला डबा काढून घेतला आणि मोठ्याने म्हणाल्या, “किती वेळ लावलास रे? माझा स्टोव्ह केव्हाचा थंड पडलाय.” मागचे गोंधळले. तेवढ्यात त्यांनी दंडाला धरून मला तुमच्या दाराशी, आपल्या शेजारी उभं केलं. डोक्यावर मीच रंगवलेली तुमची पाटी होती. हळूहळू जमाव पांगला. नंतर पोलिसांनाही बाईंनी स्टोव्हचंच सांगितलं.

काल त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, ते वाक्य गाळतो, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दर गुरुवारी तुमच्या-माझ्या दोन्ही गल्ल्यांतल्या भांडणाऱ्यांना समोरासमोर बसवून त्या जे करायला लावतात, तेच मला करायला लावलं. आधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगायचं, मग आपलं. मी आपलंच सुरू केलं. दंगलीच्या दोन दिवस आधी माझ्या भावाचा हात तुमच्या गल्लीतल्या कोणीतरी मोडला होता, वय चोवीस, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी हात वर केला.

“ते नंतर. घड्याळवाल्याचं सांग.”

मला सांगता येईना. तेव्हा त्या म्हणाल्या, “तीस वर्षं वाट बघतेय मी. त्याला हे कळल्याशिवाय त्याच्या हातून मी काहीही घेणार नाही.”

बाईंचा शब्द तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून आता तुमचं गाऱ्हाणं लिहितो.

दुकानाच्या वरच्या खोलीत वहिनी आणि लेक होत्या. मला ते ठाऊक नव्हतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आलो. ठाऊक होतं. लेक खिडकीत उभी होती. एवढ्या माणसांत तिने मला ओळखलं, हात हलवला आणि “काका” म्हणून हाक मारली. मी डबा घेऊन तसाच पुढे चालत राहिलो.

माझ्या भावाच्या हाताचं आता काही सांगावंसं वाटत नाही.

ते वाक्य मी काढलं आहे. रविवारी या, बाईंसाठी या. माझ्याशी बोलायलाच हवं असं नाही. हे पत्र लेकीलाही वाचायला द्या. तिने मला अजून काका म्हणावं की नाही, ते तिचं तिने ठरवावं.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली ‘तुमचा धाकटा भाऊ’ असं लिहिलं. आज नुसता,

पाटीवाला