सरलाची रविवारची जागा

रविवार, ३ ऑगस्ट
आज सरलाला पुन्हा चौघांनी चाकाच्या खुर्चीसकट उचलून वर नेलं. पावसात गल्लीत पाणी भरतं म्हणून आमच्या ख्रिस्ती मंडळीने उपासनेच्या हॉलचं जोतं उंच घेतलेलं, त्यामुळे पायऱ्या सरळ उभ्या. वर पोचेपर्यंत तिने डोळे गच्च मिटलेले. याच पायऱ्या बाई इतकी वर्षं सगळ्यांच्या आधी चढायची, बाजाची पेटी उघडायला. शेजारचे लूम, कापडाचे माग, रविवारी चालू, त्यांची सुट्टी शुक्रवारची. त्या खडखडाटावर गाणं उचलायचं तर आवाज हवा, आणि तो माझ्या बायकोचाच होता.

मार्चमध्ये अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. हो असेल तर डावा हात वर, नको असेल तर तोंड फिरवते. पण गाणं मात्र शब्दांसकट येतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, गाणं मेंदूत वेगळीकडे असतं.

आज गीत संपलं तरी हिची ओळ चालूच. मग उपदेशाच्या मध्येच पुन्हा सुरू. पाळक थांबले, हसले. पोरंही हसली. मला घाम फुटला.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पाळक आणि निर्मलाबाई आले. सोबत केळी. सरलानंतर गाणं आता नि.बाई सांभाळतात.
पाळक म्हणाले, "ताईंना एवढी दगदग कशाला? दर गुरुवारी आम्हीच घरी येतो. प्रभुभोजनाची भाकरही इथंच देऊ."
नि.बाई रडल्या. खोटं नव्हतं ते, दोघी एका ताटात जेवलेल्या. माझीही कंबर धरते, वळ गावच्या गोदामात दिवसभर उभ्याने ड्युटी. हो म्हटलं.
स. समोरच बसली होती. तिच्याकडे बघून कोणी बोललं नाही.

गुरुवार, २१ ऑगस्ट
घरप्रार्थना. दारात चपलांचा ढीग. सगळे हळू आवाजात गायले, आजाऱ्याच्या खोलीत गातात तसे. स. मात्र आपल्या जुन्या पट्टीत. यमुना (वळहून येते, स.चं सगळं तीच करते) भांडी टाकून दारात येऊन उभी.
"काकीचा आवाज भारी हाय. आमच्या गल्लीत भजन हाय, तिथं पन असा न्हाय."
स. खूश. डाव्या हाताने तिला केळं दिलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर
आज फक्त पाळक आणि नि.बाई. खारबावला लग्नाच्या बोलणीला जायचं होतं म्हणून घाईत. गेल्या गुरुवारी तर कोणीच नाही, नाक्यावर ट्रॅफिक म्हणे. ट्रॅफिक खरं असणार, इथं ते कधी नसतं?

रविवार, २१ सप्टें.
एकटाच गेलो. ज्याने त्याने विचारलं, ताई कशा आहेत. किती प्रेमाने विचारतात. बऱ्या आहेत म्हटलं. दहा जणांना तेच सांगून तोंड दुखलं.
परत आलो तर यमुना सांगते, "तुमी गेल्यापासून काकी दाराशीच. आत यायाला तयारच न्हाय."
मला बघितल्यावर स.ने तोंड भिंतीकडे केलं. जेवली नाही.

सोमवार, २२ सप्टें.
पाळकांना फोन. ठरवलं होतं शांतपणे बोलायचं. नाही जमलं. म्हटलं, "पाळकसाहेब, आमच्या गोदामालासुद्धा उतार असतो, ट्रॉली चढायला. खोक्यांची सोय आहे आणि माणसाची नाही?" ते मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे दादा. करू." तरुण माणूस आहे, उलटून बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

शनिवार, ११ ऑक्टोबर
करायला घेतलं खरंच. गल्लीतला फॅब्रिकेशनवाला सलीम माप घ्यायला आला. "चाचा, इतना खड़ा रखोगे तो चाची पीछे गिरेगी. लंबा लेना पड़ेगा. गली में आएगा."
आता शेजारच्या लूमवाल्याची परवानगी. मी आणि पाळक हात जोडायच्या तयारीने गेलो. त्याने चहा मागवला, म्हणाला, "आने दो, उसमें क्या है." संपलं. आमच्याच बैठकीत याच विषयावर अडीच तास गेले होते.
स.ला सांगितलं. तिने हात वर केला, आणि तसाच ठेवला. बऱ्याच दिवसांनी हसली.

रविवार, २ नोव्हेंबर
हंगामाची उपासना. दिघाशी गावची माणसं नवे तांदूळ, दुधी, एक कोंबडा घेऊन आलेली. कोंबडा उपदेशभर बोलत होता, त्याला कोणी काही म्हटलं नाही.
उताराला रिबीन. स.ची खुर्ची पहिली वर न्यायची असं ठरलेलं. सगळ्यांचे मोबाईल वर. पाळक म्हणाले, "आजपासून आपल्या मंडळीचं दार सर्वांसाठी उघडं आहे." टाळ्या. स. मान खाली घालून बसली, मला वाटलं भरून आलं असेल. मलाही आलं होतं.
आत तिची जागा केलेली, अगदी मागे, दारापाशी, चपलांच्या मांडणीशेजारी. वर पंखा. "हवा लागेल, आणि मध्येच न्यायचं झालं तर सोपं." विचार करूनच केलेलं होतं सगळं.
पहिलं गीत झालं. हिची ओळ चालू राहिली. नि.बाई पुढून चालत मागे आल्या, खांद्यावर हात ठेवला. "बास ताई, दमाल."
स. थांबली. ओळीच्या मध्येच.
मग आणलेल्या वस्तूंचा मंडळीसाठी लिलाव झाला. कोंबडा चढ्या भावाने गेला. दुपारी सगळ्यांच्या स्टेटसला स. उतारावर.

रविवार, ९ नोव्हें.
यमुना तयार करायला लागली तर स.ने तोंड फिरवलं.
"काका, काकीला न्हाय जायाचा. जबरदस्ती नका करू."
गेलो नाही. घरात गीत लावलं मोबाईलवर. स. ऐकत होती, तोंड उघडलं नाही. गेल्या रविवारपासून गात नाही. स्वयंपाक चालू असताना नाही, आंघोळीला नेताना नाही. मी मुद्दाम चुकीच्या चालीत म्हणून बघितलं, इतकी वर्षं त्यावर डोळे वटारायची. आज साधं बघितलंही नाही.
बोलणं गेलं तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो.

रविवार, २३ नोव्हें.
आजही नाही. नि.बाईंचा फोन. "दादा, मंडळीने एवढं केलं. आता ताईंचीच इच्छा नाही तर आपण तरी काय करणार?"
खूप काही तोंडाशी आलं. "हो" म्हणालो आणि ठेवला. त्यांच्यावर राग धरवत नाही हीच पंचाईत. सगळ्यांनी चांगलंच केलं. केळी आणली, प्रार्थना केली, लोखंड वाकवून उतार केला. आणि माझी बायको मुकी झाली.
उतार वापरात आहे म्हणे. साऊंडचे बॉक्स आता सहज वर जातात.

बुधवार, ३ डिसेंबर
पाळक एकटेच आले. रिकाम्या हाताने, ते बरं वाटलं. खुर्ची दिली तर नको म्हणाले, स.च्या पलंगाशी खाली बसले.
"ताई, मी चुकलो असेन. तुम्हाला यायचंय का?"
स.ने आधी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग हात वर.
मी उठून उभाच राहिलो.
"मग कुठे बसायचंय? पंख्याखाली नको?" तोंड फिरवलं. "मध्ये, बायकांत?" पुन्हा फिरवलं. "दादांच्या शेजारी?" नाही. (हे जरा लागलं.)
पाळक माझ्याकडे बघायला लागले.  यमुना दारातून म्हणाली, "गानाऱ्या बायांत बसायचा असंल."
स.चा हात वर गेला. खाली घेईना.
एवढे महिने कुठे ठेवायचं तिला, एवढंच आम्ही ठरवत होतो. मीसुद्धा.
 गाणाऱ्यांत बसली म्हणजे ती गाणार, आणि गायली म्हणजे थांबणार नाही, हे पाळकांना कळलं, मला कळलं, तिलाही.
"मला बाकीच्यांशी बोलावं लागेल, ताई. निर्मलाबाईंशी. शनिवारपर्यंत कळवतो."
खोटं आश्वासन दिलं नाही. जाताना स.च्या हाताला हात लावला.

शुक्रवार, ५ डिसें.
लूम बंद. गल्ली इतकी शांत की कोणाचाही फोन वाजला की वाटतं आपलाच.

शनिवार, ६ डिसें.
फोन नाही. दोनदा नंबर काढला, लावला नाही. नको असं कानाने ऐकायचं नव्हतं.
संध्याकाळी यमुनाने हाक मारली. कपाट उघडायला लावून स.ने बोट दाखवलेलं. निळ्या काठाची पांढरी साडी, गाणाऱ्या बायकांची. कोणी परत मागायला आलं नाही, आणि आम्हीही परत दिली नाही.
"इस्तरी करायची का काका?"
कर म्हटलं.

रविवार, ७ डिसें.
फोन नाही.
यमुना आज लवकर आली. साडी नेसवली. एका बाजूने पदर सारखा घसरतो, खांद्यावर पिन लावली. स. सातपासून खुर्चीत तयार.
उपासना दहाला. साडेनऊ होतायत. फोन आला नाही हे तिला सांगितलेलं नाही. तिने विचारलेलंही नाही, कसं विचारणार.
तोंडातल्या तोंडात काहीतरी चाललंय तिचं. आवाज नाही, ओठ हलतायत. सुरुवात कुठून करायची ते बघतेय बहुतेक.
रिक्षावाला खाली हॉर्न देतोय. मी अजून चप्पल घातलेली नाही.