धाकटीचं पाकीट

चि. धाकटीस,

आपण दोघींनी भाग घेतलेल्या रक्तदाबाच्या प्रयोगाचा निकाल आला. तुझं पाकीट जुन्या पत्त्यावर, म्हणजे माझ्याकडे आलं आणि मी ते फोडलं. नाहीतरी तुझी पत्रं मीच आधी वाचायची.

रक्तदाब उतरावा म्हणून मांडीतून नळी घालून मूत्रपिंडाजवळच्या नसा खरोखर भाजल्या, त्या माझ्या. तुझा उपचार तुलनेपुरता, खोटा: नुसती गुंगी दिली, मांडीला टोचलं आणि घरी पाठवलं. तरी रक्तदाब उतरला तुझा! माझा एकशे सत्तरवर ठाण मांडून बसलाय. लहानपणीही ताप मला यायचा आणि लाड तुझे व्हायचे.

काल फोनवर म्हणालीस, "ताई, नळीनं जादूच केली गं! तू जरा चिडचिड सोड, तुझाही उतरेल."

"कसली नळी, बाई?" अगदी जिभेवर आलं होतं. पण आई याच दुखण्यानं गेली. मी गिळलं.

हे पत्र टाकलं तर तुझा रक्तदाब चढेल, न टाकलं तर माझा. माझ्या अंगाला सवय आहे. म्हणून टाकत नाही. पाकीट मात्र जपून ठेवतेय; फारच उपदेश करायला लागलीस तर लागेल.

तुझं पाकीट अजून न मिळालेली,
ताई