जाणाऱ्यांचे दाखले

२ फेब्रुवारी, रविवार

जर्मनी, कॅनडा, नाहीतर न्यूझीलंड. कुठलाही चालेल. हे घोटावडे नको!

सकाळी वाल्मीकभावजींनी जेसीबी आणून आमचा बांध दोन हात आत ढकलला. वाल्मीकभावजी म्हणजे इंद्रजितचे चुलत भाऊ. भिंतीला भिंत लागून घर, एका ताटात जेवून मोठे झालेले दोघं. इंद्रजित जेसीबीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, तर त्यांच्या पोराने, साहिलने, दगड भिरकावला. भुवई फुटली. डोळ्यात रक्त उतरलं, आणि माझा नवरा हसून म्हणाला, ‘एवडंच व्हय रं?’

दगडाची नाही, त्या हसण्याची मला भीती वाटली.

राजनंदिनी दारातून बघत होती. पाच वर्षांची पोर. संध्याकाळी बाहुलीच्या कपाळावर माझी लाल टिकली चिकटवून घेऊन आली. ‘मम्मी, हिला दगड लागलाय. टाके घाल.’ आई नर्स, म्हणून पोरीला टाके माहीत. पण दगड?

जायचं. दोन्ही लेकरांना घेऊन जायचं. ठरलं.

५ फेब्रुवारी

बाणेरला जाऊन आलो. तिकडे मेधा मॅडम बाहेरदेशी जाणाऱ्यांची कागदपत्रं बघतात. म्हणाल्या, जर्मनीला नर्स हव्यात, भाषेची परीक्षा पास व्हा. माझे आठ महिने क्लासमध्ये गेलेतच. कॅनडाचं इंद्रजितच्या डोक्यात मनीषने भरलंय. त्याच्याच कारखान्यात होता, आता तिकडे ट्रक चालवतो. काल फोनवर म्हणाला, ‘हितं भावकी न्हाई इंद्रा. सा-सा महिने शेजाऱ्याचं तोंड दिसत न्हाई.’ यापेक्षा चांगली जाहिरात कुठल्या देशाची असेल!

न्यूझीलंड मात्र इंद्रजितचं स्वतःचं. मोबाइलवर हिरवे डोंगर आणि मेंढरं बघत बसतो. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. ‘मेंढरंच बघायची तर चांद्याच्या माळावर धुळाजी धनगराचा वाडा उतरलाय की. बसनं जाऊन या.’

मी किती दिवसांनी हसले.

पण एक गोष्ट तिन्ही देशांना सारखीच लागते. पोलिसांचा दाखला, की ह्या माणसावर गुन्हा नाही. मॅडम म्हणाल्या, एक गुन्हा नोंदला की माझ्याकडे येऊ नका. घरी येऊन सगळ्यांना बजावलं. कोणी हात उचलायचा नाही, कोणी पोलिसांतही जायचं नाही. इथली रीत मला माहीत आहे. आपण एक तक्रार दिली की समोरचा तासाभरात उलटी तक्रार देतो, आणि मार खाणाराही आरोपी होतो.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ‘ह्यो दाखला कुणाकुणाला लागतो?’

‘ज्यांना जायचंय त्यांना, आत्या.’

‘म्हंजी मला न्हाई,’ म्हणाल्या आणि खडा टाकून दिला. तुम्ही येणार नाही असं त्यांना कोणीच म्हटलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवून ठेवलेलं. मीही ‘असं काय बोलता’ म्हणाले नाही. सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

१६ फेब्रुवारी, रविवार

चूक झाली. मोठी चूक.

सासूबाईंचा हट्ट. वाघजाईला कौल लावल्याशिवाय शीव ओलांडायची नाही. लग्नाला लावला, विहिरीला लावला, मग देशाला नको? मी म्हटलं लावा, एका पाकळीने काय बिघडतंय. लाल पाकळी जर्मनी, पांढरी कॅनडा, पिवळी न्यूझीलंड. गुरवाने पाण्यात भिजवून तिन्ही देवीच्या अंगावर चिकटवल्या. जी आधी उजवीकडे पडेल ती देवीने दिली.

पण कौल मनातल्या मनात लावत नाहीत. गुरव गाऱ्हाणं मोठ्याने घालतो. कोंडिबा गुरवाचा आवाज तर पार ओढ्यापलीकडे जातो. ‘आई वाघजाई! गोजराबाईचा ल्योक, सून, दोन लेकरं परमुलखाला निगाल्यात. घर-रान मागं ठिऊन निगाल्यात. कुटला मुलूक द्यायचा, सांग!’

रविवार. अर्धी आळी नैवेद्य घेऊन उभी. वाल्मीकभावजींची बायको शुभांगी नारळ घेऊन माझ्या बाजूलाच. तिने माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही गावजेवण घालून सांगितलं असतं तरी इतकं पसरलं नसतं.

पिवळी पडली. आठ महिने मी जर्मन घोकतेय आणि देवी म्हणते न्यूझीलंड. इंद्रजित पोरासारखा खूश झाला. धाकट्या माउलीला खांद्यावर घेऊन देवळाभोवती पाच फेऱ्या मारल्या. मला त्या पाकळीचाही राग आला.

१७ फेब्रुवारी

वाल्मीकभावजी ओट्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं — ‘जाणाऱ्यानं खुशाल जावं. रान काय इमानात बसत न्हाई. मागं राखणार कोण, म्हातारी? ज्याचा नांगर चालंल त्याचं रान.’

सासूबाई अंगणात होत्या. त्यांनी फक्त वर बघितलं. वाल्मीकची आई बाळंतपणात आजारी पडली तेव्हा ह्यांनी त्याला अंगावर पाजलंय. चार महिने. गावात सगळ्यांना माहीत आहे. वाल्मीकलाही.

२१ फेब्रुवारी

भाताच्या पेंढ्याची गंज पेटवली. भर दुपारी. म्हशीचा वर्षाचा चारा. आग बघायला साहिल गच्चीवर खुर्ची टाकून बसला होता. आम्ही पोलिसांत गेलो नाही.

२ मार्च

मोती मेला. तोंडाला फेस. सुजलेलं पोट. पोरांना सांगितलं कुत्रा गावाला गेला.

राजनंदिनी — ‘कुठल्या देशात?’

४ मार्च

घरात भांडण. इंद्रजित म्हणतो देवीने दिलं ते घ्यायचं. मी म्हणते देवी माझा पगार करणार आहे का? नोकरी मला मिळणार, ती जर्मनीत, आणि मेंढरं राखायला तुम्हाला कोण बोलावतंय? हे शेवटचं बोलायला नको होतं. पण बोलले. आणि आवडलं बोलायला.

त्याने तांब्या भिंतीवर मारला. भिंतीला खड्डा. मग हात उचलला. सात वर्षांत पहिल्यांदा. सासूबाई मध्ये आल्या, तो हात त्यांनी मनगटात धरला आणि म्हणाल्या, ‘ह्यो हात तुझा न्हाई. ह्यो वाल्मीकचा हात हाय. टाक खाली.’ त्याने खाली घेतला आणि गोठ्यात जाऊन बसला.

राजनंदिनी म्हणाली, ‘पप्पा, साहिलदादाला कापा ना, म्हणजे भांडण संपेल.’ मी तिच्या थोबाडीत दिली. चार बोटं उठली. मी! जी मारामारीपासून पोरं लांब न्यायला निघालीय ती.

रात्रभर तिचा गाल चोळत होते.

९ मार्च, रविवार

पोरं झोपल्यावर लिहिते.

दुपारी इंद्रजित चांद्याकडून येत होता. साहिल आणि आणखी दोघं. बाइक आडवी घातली. कोयता डोक्यावर येत होता, त्याने हात वर केला. कोपरापासून मनगटाकडे मांस उघडं. गमछा गुंडाळून एका हाताने गाडी चालवत घरी आला. अंगणात उतरल्यावर पडला.

मी म्हटलं, चला हॉस्पिटलला. तो म्हणाला, ‘डॉक्टर विचारतील कोयता कुणाचा. पोलीस येतील. मी बी एकाला लाथ घातलीया. मग दाखला?’

माझाच नियम माझ्याच तोंडावर मारला.

स्वयंपाकघरात चटई टाकली. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून भुलीचं इंजेक्शन, दोरा आणि सुया आणल्या. ‘आत्या, बॅटरी धरा.’ सासूबाईंनी धरली. हात हलला नाही त्यांचा. शीर वाचली होती. बोटं हलवून दाखवा म्हटलं, हलली. नाहीतर दाखला गेला खड्ड्यात, मी उचलून नेलंच असतं. नेलं असतं का? देव जाणे. भुलीचं औषध पुरलं नाही. शेवटचे टाके तसेच घातले. पाटाची कड दातात धरून तो पडून राहिला.

मला साहिलचे डोळे काढावेसे वाटतात. हे खरं आहे. जखमा शिवणाऱ्या बाईने असं लिहू नये, पण इथे कोण वाचतंय.

सासूबाई रक्ताची फरशी पुसत होत्या. मध्येच — ‘आनि त्येंच्यावर गुन्हा न्हाई?’

‘नाही. आपण तक्रार केली तर आपल्यावरही होईल.’

‘आपल्यावर म्हंजी तुमच्यावर.’

१२ मार्च

परीक्षेचा निकाल लागला. पास! तिकडच्या हॉस्पिटलचं पत्रही आलं. इंद्रजितला सांगितलं. ‘तू म्हनशील तो देश,’ म्हणाला. वाद नाही, मेंढरं नाहीत. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. हा माणूस असा ऐकणारा नाही.

१७ मार्च

कळलं का ऐकतोय ते. कणगीच्या मागे कोयता सापडला. नवा. कारखान्याच्या ग्राइंडरवर धार लावलेली. बोट लावलं तर कापलं.

विचारलं. टाके अजून आठवड्याचे, आणि म्हणतो कसा — ‘पाडव्याच्या आत वाल्मीक. मग तुमी जा जर्मनीला. मी आत बसतो. रान तरी ऱ्हाईल.’

‘आणि पोरांना काय सांगू? पप्पा कुठल्या देशात गेले?’

तो आवरून कामावर गेला. मी कोयता पदराखाली घेऊन सासूबाईंकडे गेले. माझ्याकडे ठेवला तर तो शोधणार. म्हटलं, ‘आत्या, हा विहिरीत टाका. आजच. त्यांना कळू देऊ नका. त्यांनी एक वार केला तर संपलं सगळं, पोरांचंही.’

त्यांनी घेतला, धार बघितली. ‘लई चांगली लावलीया,’ एवढंच म्हणाल्या.

२० मार्च

सासूबाई माउलीला मांडीवर घेऊन ‘जर्मनी’ म्हणायला शिकतायत. ‘जर्मळी’ म्हणतात. राजनंदिनी दुरुस्त करते. आज खूप दिवसांनी घरात कोणी ओरडलं नाही. इंद्रजितने कणगीमागे हात घालून बघितलं. कोयता नाही हे त्याला कळलंय. माझ्याकडे बघितलं, मीही बघितलं.

२४ मार्च, सोमवार

दुपारची ड्यूटी. टेम्पोत घालून वाल्मीकभावजींना आणलं. माझ्याच हॉस्पिटलात, माझ्याच टेबलावर.

मांडीच्या मुळाशी घाव. दुसरा खांद्यात. रक्त उसळत होतं. मी विचार केला नाही, जांघेत मूठ घातली आणि सगळं वजन टाकलं. थांबलं. डॉक्टर येईपर्यंत असंच राहायचं. तोंडासमोर तोंड. त्यांचे ओठ पांढरे. मला ओळखलं. काहीतरी बोलायला बघत होते, येत नव्हतं.

कोयत्याचा घाव मी ओळखते. दोन आठवड्यांपूर्वी शिवलाय. म्हणजे तो इंद्रजितला सापडला, म्हणजे सासूबाईंनी टाकलाच नव्हता, म्हणजे संपलं. तिन्ही देश गेले. बर्फ, डोंगर, पोरांची शाळा, सगळं माझ्या मुठीखाली होतं, गरम आणि चिकट. आणि वाटलं, काढावी मूठ. कोणाला कळलंही नसतं. ह्याच माणसाच्या पोराने माझ्या नवऱ्याचा हात फाडला, गंज जाळली, कुत्रा मारला. एक क्षण खरंच सैल केली. रक्त वर आलं. परत दाबली.

डॉक्टर आले. ऑपरेशनला नेलं. वाचतील म्हणतात.

शुभांगी दारात छाती बडवत होती. मला बघून अंगावर धावली, केस धरले. ‘तुमच्याच घरानं केलं! तुमच्याच घरानं!’ मी सोडवून घेतलं नाही. तिच्या मुठीत माझे केस राहिले.

इंद्रजितचा फोन लागत नाही.

२५ मार्च

इंद्रजित कारखान्यातच होता. सकाळपासून. तीसजणांनी बघितलंय.

बांधावर गवत कापायला सासूबाई गेल्या होत्या. वाल्मीक बांधाला परत टिकाव लावत होता. नंतर त्या तोच कोयता भाकरीच्या फडक्यात गुंडाळून, बसने, एकट्याच पोलीस ठाण्यात गेल्या. ‘पाजलं बी मीच, मारलं बी मीच’ असा जबाब दिला.

ठाण्यात इंद्रजित कोठडीबाहेरून गजांना धरून रडत होता. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलंच नाही, माझ्याशी बोलल्या. ‘रडाय काय झालं? तुमी पोरांना घिऊन जावा. मला कुटला दाखला लागतोय?’

मीच सांगितलं होतं.